कणगी मोठी, माप जुनं!

कणगी कितीही मोठी बांधली तरी मोजणाऱ्याला शंभरापर्यंतच आकडे येत असतील, तर शंभर पायल्यांच्या पुढचं धान्य त्याच्या हिशोबी नाहीच! जुन्या संगणकात मोठी हार्ड डिस्क बसवली की नेमकं हेच होतं.

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावी एखाद्या घरात २००१-०२ च्या सुमाराचा संगणक अजून जपलेला असेल. लग्नाचे फोटो, शेतीचा जमाखर्च, बचत गटाचा हिशोब, सारं त्यात. जागा संपली म्हणून मोठी डिस्क बसवावी, तर संगणक तिची निम्मी जागाही दाखवत नाही. मग "दुकानदारानं फसवलं" अशी घरात कुरकुर! मैत्रिणींनो, जरा थांबा. बहुधा डिस्क चांगलीच असते.

डिस्कवर ५१२ बाइटचे लहान कप्पे असतात आणि प्रत्येकाला क्रमांक. जुनी यंत्रं हा क्रमांक २८ बिटांत लिहीत. त्यात सुमारे २६ कोटी ८४ लाख कप्पे मोजता येतात, म्हणजे १३७ जी.बी. ४८ बिटांचा क्रमांक २००२ च्या सुमारास आला आणि ही अडचण मिटली. त्याच्या आधीच्या यंत्रांना मात्र हे कसं ठाऊक असणार?

खरा धोका पुढेच आहे. दुसऱ्या संगणकावर भरून आणलेली मोठी डिस्क अशा यंत्राला जोडली, तर मर्यादेपलीकडे लिहिताना त्याचा क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. म्हणजे बारशाचे नवे फोटो थेट बचत गटाच्या हिशोबावर लिहिले जातात, आणि खालचं कायमचं जातं!

तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

१. काहीही करण्यापूर्वी जुन्या डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. पडद्यावर 'फॉरमॅट करू का?' असं आलं, तर घाईनं 'हो' म्हणू नका.

२. ५०० जी.बी.ची डिस्क ४६५ दाखवते, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

३. आकडा १२७-१२८ वर अडला, तर 'माय कॉम्प्युटर'वर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' बघा. विंडोज एक्सपीला २००२ चा सर्व्हिस पॅक १ किंवा त्यापुढचा हवाच. शिवाय यंत्राचं बायोसही तेवढं मोजणारं हवं. ते जाणकाराकडूनच बघून घ्या.

४. आकडा ३२ च्या आसपास अडला, तर डिस्कच्या मागची छोटी टोपी, म्हणजे जंपर, तपासायला सांगा. काही डिस्कवर ती मुद्दाम क्षमता कमी दाखवण्यासाठी असते.

५. सोपा उपाय म्हणजे मोठी डिस्क यू.एस.बी.च्या बाहेरच्या पेटीत घालून जोडणं. मग १३७ ची अट बहुधा आड येत नाही. २ टी.बी.पेक्षा मोठी मात्र एक्सपीसाठी घेऊच नका.

६. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर दोष मापाचा नव्हे, डिस्कचाच. यंत्र लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

आणि वीज जायची वेळ असेल, तेव्हा फोटो उतरवायला बसू नका. गटाच्या हिशोबाची एक प्रत नेहमी वेगळ्या घरी असू द्या. बायकांनी पै-पै करून जमवलेल्या पैशाची ती नोंद आहे.