स्पीकरची तार कशी जोडावी?

मंडळी, सुगीनंतर हातात चार पैसे आले, की आता खेड्यातल्या घरातही मोठा टी.व्ही. आणि त्याच्याबरोबर होम थिएटरचा संच येतो. शाळाही लोकवर्गणीतून असा संच घेतात. खोके उघडायला सारी आळी जमते, आणि आतले तारांचे भेंडोळे पाहून घरधनी विचारात पडतो. तेव्हा आज या तारांविषयीच थोडे बोलू.

पण आधी खरेदी. दुकानदार वॅटचा आकडा सांगेल, त्याला भुलू नका. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा क्षणभर निघणाऱ्या आवाजाचा असतो. स्पीकर किती ओहमचा आहे, हे विचारा. एक वॅट दिला असता एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो, हेही विचारा. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ज्या आवाजासाठी २० वॅट लागतात, तोच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर १० वॅटांत देतो.

आता हा ओहम म्हणजे काय? विजेच्या वाटेतला अडथळा. एका पंपावर एकच नळ सोडला तर पंपाला जड जात नाही; चार नळ एकदम सोडले तर पाणी पुरवता पुरवता त्याचा जीव जातो. तसेच इथे. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागेवर शेजारी शेजारी जोडले, की अडथळा ४ ओहम होतो. चार जोडले, की २. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘४ ते ८ ओहम’ असे छापलेले असताना त्याला २ ओहमचा भार दिला, तर तो तापेल आणि एखादे वेळी जळेलही. गुरुजी, वर्गात चार स्पीकर लावायचेच असतील तर दोन-दोन एकापुढे एक जोडा आणि त्या दोन जोड्या शेजारी शेजारी घ्या. हिशेब पुन्हा ८ ओहमवर येतो.

तार तांब्याचीच घ्या. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर १० मीटरवर असेल, तर जाऊन येऊन तार २० मीटर होते, हे लोक विसरतात. अर्ध्या चौरस मिलीमीटरच्या बारीक तारेत या अंतरावर ४ ओहमच्या स्पीकरची सुमारे सातव्या हिश्श्याइतकी शक्ती तारेतच जिरते. दुकानात जिला ‘दीडची वायर’ म्हणतात, ती घेतली तर विसाव्या हिश्श्यावर भागते. त्याहून महाग, सोनेरी मुलाम्याच्या तारेवर पैसे घालवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

तारेची लाल बाजू लालला, काळी काळ्याला. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर तो मोडत नाही. पण एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि तबल्याचा डग्गा जणू खोलीतून निघून जातो. खुणा पुसल्या असतील तर मोठ्या स्पीकरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला, तर सेलची अधिक बाजू जिथे लागली ते टोक लाल.

आता माझीच एक चूक सांगतो. काढायला-घालायला सोपे जावे म्हणून मी स्पीकरच्या तारेला घरच्या विजेचा दोन पायांचा प्लग बसवला होता. चांगली युक्ती केली, असे वाटले. एके दिवशी घरातल्या लहान मुलाने तो भिंतीतल्या सॉकेटात घातला. मोठा घरघराट, धूर, आणि स्पीकर गेला. मूल वाचले, कारण उघड्या तारेला त्याचा हात लागला नव्हता. तो प्लग मी त्याच दिवशी कापून टाकला. तुम्ही तो कधीच बसवू नका.

जोडण्यापूर्वी ॲम्प्लिफायर बंद करून त्याचा प्लग काढा. तारेचे टोक सोलून पीळ द्या. सुटलेला एक तंतू शेजारच्या टोकाला लागला तरी ॲम्प्लिफायर बिघडू शकतो. शाळेच्या मैदानावरचा, १०० व्होल्टच्या लाइनचा कर्णा या संचाला जोडू नका, त्याची व्यवस्था निराळी असते. आणि तार जमिनीवरून न्याल तर प्लॅस्टिकच्या पट्टीतून न्या, कारण धान्याच्या घरात उंदीर तिला सोडत नाहीत.