धुळ्याचं रेकॉर्डिंग, जळगावची फाइल: सिंक कशाने करायचं?

माझं पीएचडीचं काम अहिराणीवर आहे. धुळे जिल्ह्यातल्या गावांत जात्यावरची गाणी रेकॉर्ड करायची आणि जळगावला बसून ती लिहून काढायची. तासाभराचं स्टिरिओ डब्ल्यूएव्ही रेकॉर्डिंग (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट) सुमारे ६३५ एमबी भरतं. आजीबाईंनी आवाज विश्वासाने दिलेला असतो. तो कुठल्या मशीनवर राहतो हे मला ठाऊक असायला हवं. म्हणून मुक्तस्रोत साधनं. तुमचाही डेटा असाच असेल, तर हे तीन पर्याय बघा.

नेक्स्टक्लाउड. २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून वेगळं झालं. गाइडला पासवर्ड आणि मुदत घातलेली लिंक पाठवता येते, ब्राउझरमध्ये फाइल उघडते. पण सर्व्हर कुणीतरी सांभाळायला हवा. शिवाय मोठ्या फाइलमध्ये थोडासा बदल केला तरी अख्खी फाइल पुन्हा चढते.

सीफाइल. हे फाइलचे तुकडे करतं आणि बदललेले तुकडेच पाठवतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची दोन मिनिटं कापली, तरी पुढचे बहुतेक तुकडे तेच राहतात. गावातल्या नेटवर हा फरक चांगलाच जाणवतो. वर्डच्या फाइलला मात्र फायदा कमी, कारण ती मुळात झिप असते. आणखी एक गोष्ट: सर्व्हरवरही तुकडेच साठतात, त्यामुळे फोल्डर उघडून थेट फाइल उचलता येत नाही.

सिंकथिंग. इथे मधला सर्व्हरच फाइल साठवत नाही. दोन मशीन एकमेकांशी बोलतात. अट एकच, दोन्ही एकाच वेळी चालू हवीत. गाइडला लिंक देणं जमत नाही.

मी सिंकथिंग घेतलं आणि एकदा चांगलीच आपटले. लॅपटॉपवर जागा करायला एक फोल्डर उडवला. थोड्या वेळाने जळगावच्या मशीनवरूनही तो गायब! सिंकने त्याचं काम चोख केलं होतं. चूक माझी होती. रेकॉर्डरचं कार्ड पुसलं नव्हतं, म्हणून गाणी वाचली.

तेव्हा लक्षात ठेवा: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकथिंगमध्ये जुन्या प्रती ठेवण्याची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

एकटेच काम करत असाल तर सिंकथिंग, मोठ्या फाइलींवर सतत काटछाट असेल तर सीफाइल, चारचौघांना वाटायचं असेल तर नेक्स्टक्लाउड. आणि काहीही निवडा, एक हार्ड डिस्क कपाटात वेगळी ठेवाच. गाणारी आजी पुढच्या वर्षी भेटेलच असं नाही.