पंचाहत्तर रुपयांचे हेडमास्तर

आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ या बाजूला टेंभू म्हणजे पाणी. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत आमच्या दुष्काळी रानापर्यंत आणणारी उपसा सिंचन योजना. टेंभू आलं की डाळिंबाला जीव येतो, टेंभू लांबलं की टँकरवाल्याला फोन जातो. त्याच टेंभू गावात १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले, असं सांगितलं की वर्गातली पोरं मान वर करून विचारतात, "आपलं टेंभू, सर?"

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खासगी अनुदानित शाळेत आधी शिक्षक आणि मग मुख्याध्यापक म्हणून नोकरी केली. आगरकर आम्ही शिकवले ते सुधारक म्हणून: बालविवाह, केशवपन, सोवळंओवळं यांवर तुटून पडणारे. ते बरोबरच आहे. पण हेडमास्तरच्या खुर्चीत बसल्यावर मला त्यांच्या आयुष्यातला दुसरा भाग जास्त जवळचा वाटायला लागला. हा माणूस आणि त्याचे सोबती उभी हयात एक खासगी शाळा आणि तिच्यातून निघालेलं कॉलेज चालवत होते. फी, हजेरी, पगार, देणगीदार, सहकाऱ्यांची भांडणं. लेखणी हातात घ्यायची ती हे सगळं उरकल्यावर.

शाळा चालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगताना मी वेळापत्रकापासून सुरुवात करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या टेबलावर मोठा ड्रॉइंग पेपर अंथरायचा. आडवे वार आणि तास, उभ्या तुकड्या. आधी न हलणारे तास पेन्सिलीनं बसवायचे: विज्ञानाचे प्रात्यक्षिकाचे जोडतास, दोन शाळांत विभागून आलेले चित्रकलेचे सर. मग गणित आणि इंग्रजी, शक्यतो मधल्या सुट्टीच्या आत, कारण जेवल्यावर दहावीची पोरंसुद्धा पेंगतात. त्यानंतर एकेक शिक्षक दारात येऊन उभा राहतो. "सर, शनिवारी पहिला तास नको, विट्याहून पहिली गाडी उशिरा येते." "सर, मला सलग चार तास लागलेत." खोडायचं, परत लिहायचं. खोडरबरानं कागद झिजून एका जागी भोक पडतं तेव्हा कुठं वेळापत्रक तयार होतं. आणि पहिल्याच सोमवारी दोन जण रजेवर. मग बदली तासांची वही भरायची आणि शिपाईमामांच्या हातात द्यायची. ती वही समोर आली की ऑफ तासाला चहाचा कप उचललेल्या शिक्षकाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पाहिल्याशिवाय हेडमास्तरकी कळत नाही.

म्हणून न्यू इंग्लिश स्कूलच्या इतिहासातलं १८८२ हे वर्ष माझ्या मनातून जात नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक आणि नामजोशींना सोबत घेऊन १ जानेवारी १८८० ला पुण्यात ही शाळा काढली. वामन शिवराम आपटे लगेच येऊन मिळाले, आगरकर एम. ए. होऊन पुढच्या वर्षी आले. पहिल्या वर्षी चिपळूणकर आणि टिळकांनी पगारच घेतला नाही. शाळा जोमात वाढत होती आणि १८८२ च्या मार्चमध्ये चिपळूणकर गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. जुलैत कोल्हापूरच्या दिवाण बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. सूट मिळून ते १०१ दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, ते आजही वाचलं जातं. पण शाळेत कोण होतं? संस्थापक वारलेला, दोन खंदे शिक्षक तुरुंगात, मास्तर राजद्रोही आहेत काय अशी कुजबुज पालकांत नक्कीच असणार, आणि त्याच वर्षी सरकारनं नेमलेला हंटर आयोग देशभरातल्या शिक्षणाची झडती घेत फिरतोय. त्या आयोगापुढं या शाळेतर्फे साक्ष द्यायची तीही आपट्यांनीच.

शाळेचा कारभार आपट्यांकडे होता, तेव्हाच्या भाषेत सुपरिंटेंडेंट. वय चोवीस. त्यांनी त्या साडेतीन महिन्यांत कुणाचा तास कुणाला दिला असेल, याचा कागद माझ्या पाहण्यात नाही, पण तो कागद झिजला असणार हे मी शपथेवर सांगतो. शाळा मोडली नाही. उलट हंटरसाहेबानं शाळेची मनापासून तारीफ केली.

आपटे मूळचे सावंतवाडीकडचे, पोरके, कोल्हापूरच्या हायस्कुलात महादेव मोरेश्वर कुंटे या हेडमास्तरांच्या नजरेनं हेरलेले. संस्कृतचे विद्यार्थी त्यांना कोशकार म्हणून ओळखतात. तो संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा, म्हणजे शाळा आणि कॉलेज दोन्ही अंगावर असतानाचा. आमच्याकडं युडायसची माहिती, शालार्थची पगारबिलं आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब यांत वर्ष संपतं आणि एक परिपत्रकसुद्धा धड मराठीत लिहून होत नाही. त्यामुळं आपट्यांच्या कोशाकडं मी आदरापेक्षा संशयानंच बघतो. हा माणूस झोपत कधी होता? १८९२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. वय चौतीस.

त्यांच्या जागी फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आगरकर.

त्याआधी पैशाचं सांगायला हवं, कारण खासगी शाळेच्या मुख्याध्यापकाचं खरं आयुष्य तिथं आहे. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. नियम असा ठरला: आजीव सभासदानं वीस वर्षं संस्थेत काम करायचं, पगार महिना ७५ रुपये, तीन हजारांचा आयुर्विमा आणि शेवटी ३० रुपये पेन्शन. एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळत होते. याच संस्थेतले गोखले पुढं देशाचे पुढारी झाले तरी निवृत्तीनंतर त्यांचं पेन्शन होतं तेच तीस. केंब्रिजचे रँग्लर होऊन आलेले परांजपे १९०२ मध्ये प्राचार्य झाले तेही याच ७५ वर.

आमच्या स्नेहसंमेलनांत हा आकडा दरवर्षी ऐकायला मिळतो. व्यासपीठावरचे कुणी ना कुणी टिळक-आगरकरांचा त्याग काढतात आणि समोर बसलेल्या शिक्षकांकडं बघत थांबतात. त्या शिक्षकांत विनाअनुदानित तुकड्यांवरचे असतात. राज्यात 'कायम विनाअनुदानित' नावाखाली शाळा दिल्या गेल्या, २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला, मग अनुदान आलं तेही २०, ४०, ६० टक्के अशा टप्प्यांनी. मधल्या काळात एम. एस्सी. बी. एड. झालेला माणूस सकाळी डेअरीत दूध घालून, सुट्टीत डाळिंबाच्या पॅकिंगला जाऊन शाळेत फुकट गणित शिकवत होता. त्याला आगरकरांचा दाखला देणं मला कधी पटलं नाही. ७५ रुपये घेणारे आणि ७५ ठरवणारे एकच होते. आजीव सभासद हेच संस्थेचे चालक. बैठकीत बसायचे, मत द्यायचे, पटलं नाही तर राजीनामा द्यायचे. ज्याला मत नाही, त्यानं कमी पगारावर राबणं याला त्याग म्हणत नाहीत.

आणि त्यांच्यातसुद्धा ते सुखानं निभावलं असं नाही. पाठ्यपुस्तकं लिहून मिळणारे पैसे, वर्तमानपत्र, सभांची चिटणिसी, याला किती मुभा असावी? टिळकांचं मत कडक होतं: जेझुइट पाद्र्यांसारखं सगळं आयुष्य संस्थेला वाहून घ्यायचं, बाहेरची कामं नकोत, पगारवाढ तर नकोच. आगरकरांच्या घरात पैशाची ओढाताण, दम्याचा त्रास, संसार वाढता. त्यांना माणसाच्या गरजा दिसत होत्या. गोखल्यांनी सार्वजनिक सभेची चिटणिसी घेतली तेव्हा पुन्हा ठिणगी पडली. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. या भांडणाला आपण सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, असं भारदस्त नाव देतो. तो वाद होताच, त्याच्यापायी आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. पण संस्थेतल्या बैठकांत वाजत होतं ते पगार आणि कामाचे तास यांवरून. स्टाफरूममध्ये आयुष्य काढलेल्याला याचं नवल वाटू नये. आणि टिळकांची बाजू मला अगदीच चूक वाटत नाही. संध्याकाळच्या खासगी क्लाससाठी दिवसा वर्गात दम राखून ठेवणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

प्राचार्य आगरकर तीन वर्षंच टिकले. ही तीन वर्षं मला कामाच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड वाटतात. सुधारकातून ते जे लिहीत होते, त्यानं पुण्यातले कर्मठ इतके खवळले होते की त्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आणि याच माणसाच्या कॉलेजात याच शहरातल्या घरांतली मुलं शिकायला यायची, फी भरायची. खासगी संस्था फी आणि देणग्यांवर चालते. गावात मुख्याध्यापकानं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत नुसतं एखाद्याच्या चहाला जायचं म्हटलं तरी पुढच्या जूनला पटावर परिणाम दिसतो. मी स्वतः हळदीकुंकवाला विधवांना बोलवावं की नाही यावर शाळेच्या मातापालक मेळाव्यात बोललो होतो, तेव्हा दोन आठवडे ऑफिसात येणारे पालक बाहेरूनच शिपाईमामांकडं निरोप ठेवून जात. आगरकरांनी मुलींना मुलांबरोबरच आणि सक्तीचं शिक्षण द्या असं लिहिलं, आणि कॉलेज चाललं. १८९५ मध्ये कॉलेज गावाबाहेर चतुःशृंगीच्या बाजूच्या नव्या इमारतीत गेलं. त्याच वर्षी १७ जूनला आगरकर गेले. एकोणचाळीस व्हायला महिना कमी. घरच्यांना माघारी पैशासाठी हात पसरावा लागू नये म्हणून अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते.

कॉलेजचे पहिले दोन्ही प्राचार्य चाळिशीच्या आत संपले. वीस वर्षांचा करार दोघांनाही पुरा करता आला नाही. दोष ७५ रुपयांचा, दम्याचा की रात्री जागून लिहिण्याचा, कोण सांगणार. पण करारात विमा घातला होता हे फार शहाणपणाचं झालं.

आगरकरांचं स्वतःचं शिक्षण असं तुटत तुटत झालं. कराडला कचेरीत उमेदवारी, कंपाउंडरकी, शिकायला पायी रत्नागिरी, मग अकोला आणि १८७५ मध्ये मॅट्रिक. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. बहुतेक ठिकाणी तिथं 'पुढील शिक्षणासाठी' किंवा 'पालकांच्या इच्छेनुसार' लिहून मोकळं होतात. मी आमच्या क्लार्क भाऊसाहेबांना सांगायचो, खरं लिहा. मग एकेक नोंद यायची: 'ऊसतोडीस गेले', 'विवाह', 'वडील वारले'. बालविवाहाची नोंद पाहून एकदा वरून विचारणा झाली, त्याचं उत्तर देताना नाकी नऊ आले, आणि त्यानंतर भाऊसाहेब पुन्हा 'पालकांच्या इच्छेनुसार' वर आले. मीही फार ताणलं नाही.

पुण्यातल्या त्या शाळेचं वारं इकडं लवकर आलं. साताऱ्यात शास्त्राध्ययन केलेले वासुदेवशास्त्री खरे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही काळ शिकवून मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे मास्तर म्हणून आले आणि तिथंच राहिले. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं. ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड त्यातूनच निघाले. डेक्कन सोसायटीनं पुढं साताऱ्यात शाळा चालवली, १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज काढलं. त्याच वर्षी आगरकरांच्याच कराड तालुक्यात, काले गावी, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. आजीव सेवक ही कल्पना तिथंही रुजली, आणि पुण्याच्या वाड्यांत जी पोरं कधी पोचलीच नसती ती वसतिगृहाच्या भाकरीवर शिकली. कराडातल्या जुन्या नामांकित हायस्कुलाला नाव मात्र टिळकांचं आहे.

परवा आमच्या विनाअनुदानित तुकडीवरचा एक शिक्षक घरी आला होता. मी हाच लेख लिहीत बसलो होतो. त्यानं पानं चाळली आणि विचारलं, "सर, यांच्या पगारपत्रकावर सही कुणाची असायची?"

"त्यांच्यातल्याच कुणाची तरी."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "आमचा ठराव झाला की नाही, हे आम्हाला मीटिंगचा चहा घेऊन गेलेल्या मामांकडून कळतं."

त्याला वैयक्तिक मान्यतेच्या प्रस्तावाला माझ्या काळातल्या हजेरीपत्रकांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या होत्या. त्यातल्या दोन महिन्यांची पानं सापडत नव्हती. मस्टर स्टोअररूममध्ये वरच्या फळीवर, प्रयोगशाळेच्या जुन्या काचसामानामागं असणार, असं मी सांगितलं, आणि किल्ली कुणाकडं आहे तेही.