चार चमचे दुधासाठी अर्धा तास

दिवस पुरे भरण्याआधी जन्मलेले बाळ रुग्णालयातून घरी आले की संकट टळले, असे सर्वांना वाटते. खरी कसोटी मात्र त्यानंतर घरातच लागते. अशा नाजूक बाळाला दूध कसे पाजावे, काय टाळावे आणि आईचा भार कोणी उचलावा?

नवजात अतिदक्षता विभागातून बाळाला घरी सोडतात, तो दिवस घरात सणासारखा असतो. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. पण रात्र होते तशी आईची छाती धडधडू लागते. रुग्णालयात हाक मारताच परिचारिका येत होती, बाळाचे ठोके आणि ऑक्सिजन पडद्यावर दिसत होते. घरात यातले काहीच नसते. दीड किलोचे बाळ दोन घोट पिऊन झोपी जाते. त्याला उठवावे की झोपू द्यावे? पोट भरले की ते थकले? बहुतेक घरांत नेमकी येथेच चूक होते. बाळ पीत नाही म्हणून त्याच्या तोंडात दूध ओतले जाते, नाही तर दोष आईच्या दुधाला दिला जातो.

बाळ आळशी नसते

दूध पिणे आपल्याला सोपे वाटते. बाळाला मात्र त्यासाठी चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रिया एका लयीत कराव्या लागतात. गर्भारपणाच्या साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बाळाला हा मेळ जमू लागतो. त्याआधी जन्मलेले बाळ चोखते, पण गिळताना श्वास घ्यायचे विसरते. श्वास घेऊ लागले की चोखणे थांबवते. जिन्याच्या पायऱ्या धावत चढताना पाणी पिऊन पाहा, म्हणजे त्याची अडचण लक्षात येईल.

शिवाय गालांना भरीव करणारी चरबी आणि अंगातली शक्ती गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत मिळते. तेच आठवडे या बाळाच्या वाट्याला आलेले नसतात. म्हणून ते लवकर थकते आणि थकले की झोपते. 'बाळ आळशी आहे', 'आईला दूधच नाही' हे शेरे अशा वेळी अन्यायाचे ठरतात.

मात्र प्रत्येक वेळी कारण अपुरे दिवस हेच असेल असेही नाही. पिताना कपाळावर घाम येत असेल, धाप लागत असेल, तर हृदयात दोष आहे का, ते तपासून घ्यावे लागते. टाळू फाटलेली असेल तर बाळाला दूध ओढताच येत नाही आणि त्याला पाजण्याची रीत वेगळी असते. म्हणून कारण आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

हिशेब मांडून पाहा

समजा, १,६०० ग्रॅम वजनाचे बाळ घरी आले आहे. डॉक्टरांनी त्याला किलोमागे दिवसाला १६० मिलीलिटर दूध सांगितले आहे. म्हणजे दिवसाचे सुमारे २५६ मिलीलिटर. दर दोन तासांनी, बारा वेळा पाजायचे तर एका वेळी साधारण २१ मिलीलिटर. चहाचे जेमतेम चार चमचे!

या चार चमच्यांसाठी लागणारा वेळ पाहा. दूध पिळून काढायला वीस मिनिटे, थांबत थांबत पाजायला अर्धा तास. मग ढेकर काढणे, बाळाला उभे धरणे, भांडी धुऊन उकळणे, यात आणखी वीस मिनिटे. दोन तासांपैकी सत्तर मिनिटे येथेच संपली. उरलेल्या पन्नास मिनिटांत आईने जेवायचे, अंघोळ करायची आणि झोपायचे. रात्रीही हेच चक्र. हा हिशेब घरातल्या प्रत्येकाने एकदा कागदावर मांडला, तर 'दिवसभर बाळाजवळच तर बसलेली असते' असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

बोंडले, वाटी-चमचा की बाटली?

आजीच्या काळात घराघरांत चांदीचे किंवा पितळेचे बोंडले असे. लांबट चोचीचे हे छोटे भांडे तमिळनाडूत पालाडै म्हणून ओळखले जाते. बंगालमध्ये शिंपल्याच्या आकाराचे झिनूक असते. आज अनेक नवजात विभागांत कमी वजनाच्या बाळांना याच घाटाच्या, उकळता येणाऱ्या भांड्याने दूध पाजतात. स्वच्छ वाटी-चमचाही चालतो.

पाजताना बाळ जागे असावे. नसेल तर तळपाय हलकेच चोळावेत. त्याला मांडीवर निम्मे बसते धरून मानेला हाताचा आधार द्यावा. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याशी टेकवून थोडेसे दूध सोडावे. ते गिळले याची खात्री झाल्यावरच पुढचा घोट द्यावा. घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

बाटली सोयीची वाटते. पण तिच्या बुचाचे कानेकोपरे नीट स्वच्छ होत नाहीत आणि दुधाची धार नाजूक बाळाला झेपेलच असे नाही. दुधाची पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नव्हे. टाळूच्या दोषासाठी डॉक्टरांनी खास बाटली सांगितली असेल तर गोष्ट निराळी.

पिळून काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवावे. नाजूक बाळासाठी ते घरातल्या तापमानाला चार तासांत वापरावे, फ्रीजमध्ये ठेवल्यास चोवीस तासांत. ते गॅसवर तापवू नये. भांडे कोमट पाण्यात धरावे. बाळाचे उष्टे दूध पुन्हा पाजू नये.

नळी लावलेले बाळ

काही बाळे नाकातून पोटात जाणारी नळी घेऊनच घरी येतात. नळी पाहून घरचे हबकतात, पाहुणे हळहळतात. नळी म्हणजे हार नव्हे. बाळाला पिणे जमेपर्यंत त्याची वाढ थांबू नये, म्हणून केलेली ती सोय आहे.

रुग्णालयात स्वतःच्या हाताने चार-पाच वेळा केल्याशिवाय नळीने पाजण्याचे काम घरी अंगावर घेऊ नये. शक्यतो घरातल्या दोघांनी ते शिकावे. प्रत्येक वेळी दूध देण्यापूर्वी नळी जागेवर आहे का ते पाहणे सर्वात महत्त्वाचे. नाकाशी केलेली खूण सरकलेली नसावी आणि पिचकारीने ओढल्यावर पोटातला द्रव यावा. तो आम्लयुक्त आहे का, हे तपासण्याचा कागद दिला असेल तर तो वापरावा. नळीत हवा सोडून पोटात आवाज ऐकणे, एवढ्यावरच विसंबू नये. शंका आली तर दूध देऊ नये, रुग्णालयात विचारावे.

दूध पिचकारीने दाबून ढकलायचे नसते. पिचकारी वर धरली की ते आपल्या गतीने उतरते. मध्येच बाळ खोकले, निळसर झाले, तर तत्काळ थांबावे. त्याच वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला आईच्या रिकाम्या केलेल्या स्तनाशी चोखू द्यावे. पोट भरणे आणि चोखणे यांचे नाते त्याला त्यातून कळू लागते.

बाळाची भाषा

बोलता येत नसले तरी बाळ सांगत असते. तोंड इकडेतिकडे वळवून शोधणे, मूठ तोंडाकडे नेणे, जीभ बाहेर काढणे, या भुकेच्या खुणा. बोटे फाकवणे, कपाळावर आठ्या, मान फिरवणे, ओठांच्या कडेने दूध गळणे, म्हणजे 'आता थांबा'. अशा वेळी दोन मिनिटे थांबून पाहावे. तरीही ते तयार नसेल, तर उरलेले दूध कसे द्यायचे हे डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलेले असावे.

'राहिलेले दोन चमचे एवढे घे' म्हणून गाल दाबून, नाक धरून पाजणे घातक आहे. दूध फुप्फुसात जाऊ शकते. शिवाय तोंडाजवळ काही आले की त्रासच होतो, हे बाळाच्या मनात बसते आणि पुढे ते वरणभातालाही तोंड उघडत नाही. असे झालेच, तर गिळण्याचा सराव करून घेणारे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांत असतात, त्यांची मदत घ्यावी.

छातीची ऊब

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच 'कांगारू मदर केअर'. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही त्यात होते. जन्मल्यावर लगेच अशी ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू नेहमीच्या पद्धतीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटना दिवसातून किमान आठ तास ही ऊब द्यायला सांगते.

याने बाळ थंड पडत नाही, त्याची शक्ती वाचते आणि आईचे दूधही वाढते. विशेष म्हणजे हे काम बाबा, आजी, मावशी कोणीही करू शकतात. अंघोळ केलेली असावी, सर्दी-खोकला नसावा, एवढेच. बाबांच्या छातीवर बाळ दोन तास झोपले, तर आईलाही दोन तास झोप मिळते.

हे टाळा

गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर यांपैकी काहीही देऊ नये. नाकात तेल सोडू नये. बारशाची गर्दी दोन-तीन महिने पुढे ढकलावी. वजन रोज करू नये. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर करावे. बाळ दिवसातून सहा-आठ वेळा लंगोट ओले करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर चार थेंब सांडल्याचे दुःख करू नये. 'जावेचे बाळ याच वयाचे, पण केवढे गुटगुटीत!' ही तुलना तर घरात कोणी उच्चारूच नये.

तुलना करायचीच तर वयाचा हिशेब नीट करावा. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी वाढीच्या दृष्टीने ते चार महिन्यांचे असते. वरचे अन्न कधी सुरू करायचे, तेही हे पाहून डॉक्टरांना विचारावे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात.

मदत दारापर्यंत येते

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी भेट देतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नये. वजन करून घ्यावे, शंका विचाराव्यात.

जन्मजात दोषांच्या तपासणी आणि उपचारांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. आईचे दूध खरोखरच अपुरे असेल, तर काही शहरांत दुग्धपेढ्या आहेत. आशियातील पहिली दुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली. आणखी एक गोष्ट विसरू नये: दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे पहिल्या महिन्यातच तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

लगेच रुग्णालय गाठा

बाळाने पिणे एकदम सोडले किंवा ते उठवूनही उठत नाही, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, झटके येणे, हिरवी उलटी, पोट फुगणे, अंग ३७.५ अंश सेल्सियसपेक्षा गरम, किंवा थंड पडून छातीशी धरूनही ऊब न येणे. यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. साधी गुळणी टाकणे मात्र यात येत नाही.

आईला कोण सांभाळणार?

अशा घरात सर्वांचे डोळे बाळाच्या वजनकाट्यावर असतात. आईने शेवटची सलग झोप कधी घेतली, हे कोणी विचारत नाही. ती सारखी रडत असेल, बाळाला घ्यायचेच टाळत असेल, 'माझ्यामुळेच असे झाले' म्हणत असेल, तर उपदेश न करता तिला डॉक्टरांकडे न्यावे. हाही आजारच आहे आणि तो बरा होतो.

तोपर्यंत कामांची वाटणी करावी. आई दूध काढील, तर भांडी उकळायचे काम सासूबाईंचे. रात्री एकचे पाजणे आईचे असेल, तर तीनचे बाबांचे. वेळ आणि मिलीलिटर भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी वहीत लिहून ठेवायचे काम मोठी ताई आनंदाने करील. स्वयंपाकाचा डबा शेजारच्या काकूंकडूनही येऊ शकतो.

यातली बहुतेक बाळे काही आठवड्यांत अंगावर पिऊ लागतात. काहींना महिने लागतात. बाळाला पिणे जमेपर्यंत वाट पाहणे, हाच यावरचा मोठा उपचार आहे. ही वाट आईने एकटीने पाहायची नसते. घरातले सारे हात त्यासाठी पुढे आले, तर चार चमच्यांचे पाच होतात, पाचाचे सहा होतात, आणि एके दिवशी बाळ स्वतःच तोंड वळवून आईला शोधू लागते.