छोट्या शिपायाची लाकडी बैठक

1893 साली लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीनं शिशाचे पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली. शिसं कमी लागे, त्यामुळे भरीव जर्मन शिपायांपेक्षा ते स्वस्त पडत. 54 मिलिमीटर ही त्यांची उंची पुढे जगभर रूढ झाली. ती मुलांची खेळणी होती. पायाखाली ओतलेली पातळ चकती त्यांना पुरत असे. आज त्याच मापाची मूर्ती रंगवणारी मोठी माणसं एकेका चेहऱ्यावर कित्येक संध्याकाळी घालवतात आणि मग ती लाकडी बैठकीवर उभी करतात.

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती सर्वांत वर का बसवतात, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. बैठकीचं पहिलं काम तेच: मूर्तीला उंची देणं. दुसरं काम हाताळण्याचं. रंगलेल्या मूर्तीला बोट लावायचं नसतं, उचलायचं ते बैठकीला धरून.

लाकूड निवडताना त्याच्या रेषा पाहाव्यात. 54 मिलिमीटरची मूर्ती म्हणजे माणूस साधारण बत्तीसपट लहान केलेला. त्याच्या शेजारी लाकडातली एक मिलिमीटरची फट तीन सेंटिमीटरच्या भेगेएवढी दिसते. म्हणून बारीक, घट्ट पोताचं लाकूड हवं: अक्रोड, बीच, आपल्याकडचं शिसव. चन्नपट्टणची खेळणी ज्या कुड्याच्या लाकडातून कातली जातात, तेही याच गुणाचं. सागवान वापरायचं तर त्यातला नैसर्गिक तेलकटपणा गोंद धरू देत नाही. चिकटवण्याआधी ती जागा स्पिरिटनं पुसावी.

लाकूड पुरतं वाळलेलं हवं. ओलं लाकूड सुकताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. या असमान ओढीनं ठोकळा वाकतो किंवा फाटतो, आणि बैठकीवर मूर्तीभोवती लावलेली, रंगवलेली माती तडकते.

ठोकळा कापून गुण्या लावायचा, रंधा मारायचा, मग पॉलिश पेपर. 120 नंबरपासून 180, 240 आणि 400पर्यंत, नेहमी रेषांच्या दिशेनं. शेवटच्या पेपरआधी ओलसर फडकं फिरवलं, की दबलेले तंतू उभे राहतात. सुकल्यावर ते घासून टाकायचे. आडव्या कापाच्या बाजू पॉलिश जास्त पितात आणि काळवंडतात. तिथं एक नंबर अधिक बारीक पेपर मारला, की चारही बाजू एका रंगाच्या दिसतात. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात द्यायचे. वरचा पृष्ठभाग मात्र कोरा आणि खरखरीत ठेवायचा, म्हणजे माती-दगडांची पुट्टी धरते. ती लावण्याआधी बाजूंना मास्किंग टेप. मूर्तीच्या पायात पितळी तार, बैठकीत तेवढंच भोक आणि दोन भागांचा इपॉक्सी गोंद: नुसत्या गोंदावर धातूची मूर्ती सोडू नये.

बैठकीचं तिसरं काम मूर्ती सांभाळण्याचं, आणि तिथंच लाकूड उलटू शकतं. लाकडातून ॲसेटिक आम्लाची सूक्ष्म वाफ निघत राहते. ओक आणि चेस्टनटमधून विशेष. बंद काचपेटीत ती साठते आणि शिसं खाते. जुन्या शिपायावर पांढरी भुकटी धरते, ती शिशाचा कार्बोनेट असते आणि विषारी असते. पॉलिशनं ही वाफ कमी होते, थांबत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ओडी यांनी 1973 साली यासाठीच एक चाचणी मांडली. पेटीत वापरायच्या साहित्याचा तुकडा चांदी, तांबं आणि शिशाच्या पट्ट्यांसोबत 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस बंद ठेवतात आणि धातू डागाळतो का ते पाहतात. संग्रहालयं आजही ती वापरतात.

रेझिन किंवा कथलाच्या आधुनिक मूर्तीला हा धोका फार कमी. पण घरात आजोबांच्या वेळचे शिशाचे शिपाई असतील, तर त्यांना ओकच्या बैठकीवर किंवा ओकच्या बंद कपाटात ठेवू नका. पेटीला हवा खेळती राहू द्या, आणि पांढरी भुकटी दिसली तर ती उघड्या हातानं झटकू नका.