पवईच्या वसतिगृहातील चार वर्षे : गुणपत्रिकेपलीकडील जडणघडण

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतून गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. त्यांतील एखादा विद्यार्थी आयआयटीसारख्या संस्थेत प्रवेश मिळवितो, तेव्हा साऱ्या गावाला अभिमान वाटतो. परंतु प्रवेशानंतर त्या मुलाचे वा मुलीचे जीवन कसे असते आणि तेथे त्यांचा कस कसा लागतो, ह्याविषयी घरच्या मंडळींना फारशी कल्पना नसते. त्यामुळे फोनवरचा संवाद 'किती गुण मिळाले?' ह्या एकाच प्रश्नापाशी थांबतो. प्रस्तुत लेखात पवई येथील आयआयटी मुंबईचे उदाहरण घेऊन ह्या विद्यार्थिजीवनाची ओळख करून देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

सर्वच पहिले, मग पहिला कोण?

आयआयटी मुंबईची स्थापना १९५८ साली झाली. युनेस्को व तत्कालीन सोव्हिएत संघ ह्यांचे साहाय्य तिला लाभले होते. १० मार्च १९५९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या हस्ते पवई येथे कोनशिला बसविण्यात आली. येथे येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी आपापल्या शाळेत पहिल्या काही क्रमांकांत आलेला असतो. असे सारे एका वर्गात बसतात, तेव्हा त्यांतील निम्मे वर्गाच्या खालच्या अर्ध्या भागात असणार, हे उघडच आहे. हे साधे अंकगणित असले, तरी बारा वर्षे 'हुशार' ह्याच ओळखीवर वाढलेल्या मुलाला ते पचविणे फार जड जाते.

तेथील मूल्यमापनाची पद्धतही पालकांनी समजून घ्यावी. विद्यार्थ्याला टक्के मिळत नाहीत, श्रेणी मिळते. 'एए' म्हणजे १०, 'एबी' म्हणजे ९, असे करीत 'डीडी' म्हणजे ४ आणि 'एफएफ' म्हणजे अनुत्तीर्ण. ही श्रेणी ठरविताना साऱ्या वर्गाची कामगिरी विचारात घेतली जाते. प्रश्नपत्रिका अवघड असेल, तर शंभरांपैकी ५५ गुणही चांगली श्रेणी मिळवून देऊ शकतात आणि ती सोपी असेल, तर ७५ गुणही सामान्य ठरू शकतात. एका सत्राच्या सरासरीला 'एसपीआय' आणि आजवरच्या सर्व सत्रांच्या सरासरीला 'सीपीआय' म्हणतात. दोन्ही १० पैकी मोजले जातात. म्हणून ७ सीपीआय ऐकून 'बारावीला तर ९५ टक्के होते' अशी तुलना करणे अन्यायाचे ठरते. ती दोन मापेच निराळी आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण

जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीसह १३ भाषांतून देता येते. मात्र त्यापुढील जेईई ॲडव्हान्स्ड केवळ इंग्रजी व हिंदीतून होते आणि प्रत्यक्ष अध्यापन इंग्रजीतून चालते. मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला पुष्कळदा विषय कळतो, पण वाक्य चुकेल ह्या भीतीने तो वर्गात प्रश्न विचारीत नाही. एक तास न कळलेला राहतो, पुढचा तास त्याच्यावरच उभा असतो आणि मग मागे पडणे वेगाने वाढत जाते. येथे भाषेपेक्षा संकोचच अधिक नुकसान करतो.

ह्याच संदर्भात गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर ह्यांचे उदाहरण आठवते. त्यांचे माध्यमिक शिक्षण मराठीतून झाले होते. १९७८ साली ते आयआयटी मुंबईतून धातुशास्त्राचे अभियंते झाले आणि २००० साली मुख्यमंत्री झाले.

दिवस कसा जातो?

सकाळी साडेआठपासून व्याख्याने सुरू होतात. दुपारी प्रयोगशाळा वा कार्यशाळा असते. त्याखेरीज उदाहरणे सोडविण्याचे ट्यूटोरियल वर्ग, छोट्या चाचण्या, सत्राच्या मध्यावरची परीक्षा आणि सत्रान्त परीक्षा असा क्रम चालतो. रात्रीची मेस आटोपली की खोल्यांतून गृहपाठ सुरू होतो व तो मध्यरात्रीपर्यंत लांबतो. सकाळी उठविणारे, जेवलास का म्हणून विचारणारे घरचे कोणी नसते. झोप, खाणे, कपडे, पैसे आणि वेळ ह्यांचा हिशेब अठराव्या वर्षी प्रथमच स्वतः ठेवावा लागतो. आमच्या मते अभ्यासाइतकेच हेही शिक्षण आहे.

खर्चाविषयी एक उपयुक्त माहिती येथे द्यावीशी वाटते. २०१६ पासून बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला २ लाख रुपये आहे. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाहून कमी आहे त्याला ती पूर्ण माफ होते, तर १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांना दोन तृतीयांश माफी मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनाही शिकवणी फी माफ आहे. केवळ फीच्या भीतीने कोणी माघार घेऊ नये.

सहवासाचे शिक्षण

संत जॉन हेन्री न्यूमन ह्यांनी १८५२ साली डब्लिन येथे विद्यापीठ ह्या विषयावर व्याख्याने दिली. केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या विद्यापीठापेक्षा, तरुणांना नुसते एकत्र राहू देणारे विद्यापीठ आपण पसंत करू, असा विचार त्यांनी त्या लेखनात मांडला. भिन्न विचारांचे तरुण एकमेकांत मिसळतात तेव्हा ते एकमेकांचे शिक्षक होतात, हे त्यांनी ओळखले होते. पवईच्या वसतिगृहांत ह्याचा प्रत्यय येतो. एका ओळीतल्या खोल्यांना तेथे 'विंग' म्हणतात. त्या विंगेत बिहारचा, केरळचा, राजस्थानचा आणि कोकणातला मुलगा शेजारी राहतात. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाने दुसऱ्याला समजावून सांगितलेले गणित दोघांच्याही कायम लक्षात राहते.

'मूड इंडिगो' हा १९७१ साली सुरू झालेला महोत्सव आणि १९९८ पासूनचा 'टेकफेस्ट' विद्यार्थीच चालवितात. परंतु आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते 'प्रथम' ह्या उपग्रहाचे उदाहरण. २००७ साली विद्यार्थ्यांनी त्याचे काम हाती घेतले. सुमारे १० किलो वजनाचा हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३५ ह्या यानाने अवकाशात झेपावला. बी.टेक.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि हे काम चालले नऊ वर्षे! ज्यांनी आरंभ केला, ते उड्डाणापूर्वीच संस्थेतून बाहेर पडले होते. आपण आरंभिलेले काम पुढच्यांच्या हाती नीट सोपविणे आणि मागच्यांचे काम आपले मानून पुढे नेणे, ही शिकवण कोणत्याही गुणपत्रिकेवर छापली जात नाही.

मदत मागणे हाही अभ्यासच

अशा संस्थांतील काही तरुणांनी जीवन संपविल्याच्या दुःखद बातम्या आपण वाचल्या आहेत. प्रत्येक घटनेची कारणे निराळी असतात, त्यांवर घाईने मत देणे योग्य नव्हे. मात्र एकट्याने सोसत राहणे धोक्याचे असते, हे आपण निश्चित जाणतो. आयआयटी मुंबईत नवागतांसाठी वरच्या वर्गांतील विद्यार्थी-मार्गदर्शक नेमलेले असतात, प्राध्यापक-सल्लागार असतात आणि समुपदेशनासाठी स्वतंत्र केंद्रही आहे. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. जो विद्यार्थी पहिल्याच सत्रात 'मला हे कळले नाही' असे म्हणावयास शिकतो, त्याची खरी वाढ तेथूनच सुरू होते.

पालकांना एवढीच विनंती आहे की, मुलाचा वा मुलीचा फोन आला म्हणजे प्रथम गुण विचारू नयेत. झोप होते का, जेवण कसे आहे, मित्र कोण झाले, काय अवघड वाटते, हे विचारावे. श्रेणी कमी झाली, तरी ह्या घरातील आपले स्थान कमी झालेले नाही, अशी खात्री ज्याला असते, तो पुन्हा अभ्यासाला बसू शकतो. ही खात्री त्याला घरच देऊ शकते.