वाघ शंभर, रोहित लाख

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा विस्तार सुमारे 1,727 चौरस किलोमीटर. 2022 च्या गणनेत तिथे शंभराच्या आसपास वाघ निघाले. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य जेमतेम 17 चौरस किलोमीटरचे, आणि जानेवारी 2019 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मुंबई परिसरातले रोहित (फ्लेमिंगो) पक्षी मोजले तेव्हा आकडा 1 लाख 20 हजारांच्या घरात गेला. इकडे राखलेले जंगल, तिकडे अख्ख्या महानगराचे सांडपाणी पोटात घेणारी खाडी. मग गर्दी खाडीतच का?

तुलना थोडी अन्यायाची आहे. रोहित इथे बारमाही नसतात, आणि अभयारण्याची हद्द ओलांडून शिवडी, उरण, नवी मुंबईच्या पाणथळींवरही चरतात. शिवाय वाघ दीडशे-दोनशे किलोचा, तर छोटा रोहित ही जात दीड-दोन किलोची. पण वजनाने हिशेब केला तरी कोडे तसेच राहते. शंभर वाघांचे वजन पंधरा-वीस टन भरेल. लाखभर रोहितांचे दीडशे टनांच्या पुढे.

उत्तर पक्ष्याच्या चोचीत आहे. रोहित मान खाली घालतो, चोच उलटी करून पाण्यात बुडवतो आणि जीभ पंपासारखी मागेपुढे करत पाणी आत-बाहेर खेळवतो. चोचीच्या कडांना बारीक पापुद्रे असतात. पाणी निघून जाते, खाद्य अडकते. छोट्या रोहिताची ही गाळणी इतकी बारीक की त्यात नील-हरित शैवाले आणि एकपेशीय डायटमसुद्धा सापडतात. मोठ्या रोहिताची गाळणी भरड, म्हणून त्याच्या वाट्याला कोळंबीवर्गीय जीव, अळ्या, बारीक शिंपले. एकाच चिखलावर दोघे शेजारी शेजारी चरतात आणि भांडण फारसे होत नाही.

म्हणजे छोटा रोहित आणि सूर्य यांच्यामध्ये एकच जीव उभा आहे, तो म्हणजे शैवाल. वाघाच्या आणि सूर्याच्या मध्ये दोन: गवत आणि सांबर. फरक एका पायरीचा, पण ती फार महाग पडते. सांबर उष्ण रक्ताचे. खाल्ल्यातले बरेचसे लेंडीवाटे बाहेर जाते, आणि जे पचते तेही मुख्यतः शरीर ऊबदार ठेवण्यात, चालण्यात, पळण्यात खर्ची पडते. सस्तन प्राणी आणि पक्षी पचलेल्या ऊर्जेतली जेमतेम एक ते तीन टक्के नव्या मांसाच्या रूपात साठवतात. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांच्या अभ्यासानुसार एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरे लागतात आणि ती पुरवायला सुमारे पाचशे जनावरांचा कळप जंगलात असावा लागतो. वाघ विरळ असतो तो या गणितामुळे. शिकाऱ्यांनी आणि रस्त्यांनी तो आणखी विरळ केला, एवढेच.

हे गणित पहिल्यांदा पद्धतशीर मांडले ते अमेरिकेतल्या रेमंड लिंडमन या तरुणाने. मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग लेक या लहानशा तळ्यावर त्याने वर्षानुवर्षे खपून कोणता जीव किती ऊर्जा पुढे देतो याचा ताळा लावला. त्यावरचा लेख परीक्षकांनी नाकारला. एका तळ्याच्या जोरावर एवढा सिद्धांत? मार्गदर्शक जी. एव्हलिन हचिन्सन यांनी पाठराखण केली आणि ऑक्टोबर 1942 मध्ये तो ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. लिंडमन त्याआधीच, जूनमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात यकृताच्या आजाराने गेला होता. त्याच्या तळ्यात वनस्पतींनी सूर्यप्रकाशातला फक्त 0.1 टक्का भाग पकडला होता. पुढच्या दोन पायऱ्यांवर 13.3 आणि 22.3 टक्के ऊर्जा हस्तांतरित झाली. पाठ्यपुस्तकातला ‘दहा टक्क्यांचा नियम’ मुलांना घोकायला सोयीचा, पण लिंडमनच्या स्वतःच्या तळ्यानेही तो पाळला नव्हता.

खाडीत आणखी एक गंमत आहे. नाकुरू या केनियातल्या सरोवरावरच्या अभ्यासातून दिसते की एक छोटा रोहित दिवसाला कोरड्या वजनात सुमारे 60 ते 70 ग्रॅम शैवाल गाळून घेतो. लाख पक्ष्यांचे रोजचे सहा-सात टन झाले! पाण्यात एका वेळी तरंगणारे शैवाल खाणाऱ्यांपेक्षा वजनाने कमीसुद्धा असू शकते. तरी निभावते, कारण अनुकूल पाण्यात ते दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होते. भांडवल थोडे, उलाढाल प्रचंड. शैवालाला लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस शहराच्या सांडपाण्यातून मिळतात, असे अनेक अभ्यासक मानतात. ही द्रव्ये या शरीरातून त्या शरीरात पुन्हा पुन्हा फिरतात. ऊर्जा मात्र एकदा उष्णता होऊन गेली की परतत नाही, ती रोज नव्याने सूर्याकडूनच यावी लागते. सांडपाणी वाढेल तसे पक्षी वाढतील, असे मात्र नाही. शैवाल अति माजले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

रोहित डोळ्यांत भरतो म्हणून सगळे श्रेय त्याला मिळते. किनाऱ्यावरच्या तिवराचे पान मात्र हिरवे असताना फार कोणी खात नाही. ते पिकून गळते तेव्हा त्याचा व्यवहार सुरू होतो. खेकडे ते फाडतात, बुरशी आणि जिवाणू कुजवतात, त्या कुजक्यावर किडे आणि कोळंबीची पिल्ले जगतात, त्यांच्यावर मासे. कांदळवनातली बरीचशी ऊर्जा याच मेलेल्या पानांच्या वाटेने पुढे जाते, आणि कोळ्याच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीचा हिशेबही तिथेच लागतो. चिखलावर टणाटण उड्या मारणाऱ्या निवटी माशांतल्या काही जाती थेट चिखलावरचे डायटम खरवडतात, तर काही छोटे खेकडे पकडतात.

नाकुरूवर 1970 च्या दशकात एकदा शैवालच कोसळले आणि लाखोंचे थवे काही हजारांवर आले. कोणी शिकार केली नव्हती, विषप्रयोगही नव्हता. पाण्याचे गुणधर्म बदलले होते. इथेही धोका पाण्याचाच आहे. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण भरतीला पक्षी खाडी सोडून आतल्या ज्या पाणथळींवर जाऊन बसतात, त्यांतल्या अनेक या संरक्षणाबाहेर आहेत. भरतीचे पाणी आत घेणारी एखादी वाट भरावाखाली गेली की तळ्यातले पाणी साचते किंवा आटते आणि चिखलाचे स्वरूप बदलते. नवी मुंबईतल्या काही तळ्यांवरून सध्या चाललेला वाद याच वाटांचा आहे.